घरच्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी स्टिक, योक, पेडल: नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

नाशिकच्या माणसाला विमानाचं वेड लागायला निमित्त लागत नाही. ओझरला १९६४ पासून एचएएल आहे. मिग-२१ तिथे जोडली गेली, सुखोई-३० तिथे जोडली गेली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला नाशिकमध्ये तयार झालेलं पहिलं तेजस मार्क १ए तिथूनच उडालं. गांधीनगरची लष्करी हेलिकॉप्टरं नाशिक रोडच्या गच्च्यांवरून गेली की पापड वाळत घालणाऱ्या आज्यासुद्धा मान वर करतात. त्यामुळे घरात बरा कॉम्प्युटर आला की आज ना उद्या सिम्युलेटर, म्हणजे पडद्यावर विमान उडवायचा प्रोग्राम, येतो, आणि मग माझा फोन वाजतो. मी सातपूरच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला आहे. सेन्सर, पॉट (तो काय ते पुढे येतंच) आणि लूज कनेक्शन यांवरच माझं पोट चालतं, म्हणून ओळखीतले सगळे माझ्याकडे वळतात. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय.

कीबोर्डवर चालतंय की! वेगळी स्टिक हवीच कशाला?

कीबोर्डचं बटण एक तर दाबलेलं असतं, नाही तर सोडलेलं. विमानाला थोडंसंच, म्हणजे करंगळीएवढं वळवायचं असतं. गाडी चालवताना स्टिअरिंग एकदम डावीकडे किंवा एकदम उजवीकडेच जात असतं, तर द्वारका सर्कलपर्यंतसुद्धा पोहोचलो नसतो. घरात गेमपॅड पडून असेल तर आधी त्यावर महिनाभर उडवा. फ्लाइटगिअर हा सिम्युलेटर फुकट आहे, एक्स-प्लेन या दुसऱ्याचा डेमो मिळतो. महिन्यानंतरही रोज संध्याकाळी बसावंसं वाटलं तर पैसे घाला. घरात व्यायामाच्या सायकलवर टॉवेल वाळत असतील, तर हा महिना नक्की पाळा.

स्टिक घेऊ, योक घेऊ की हॉटास?

तुम्ही काय उडवणार, यावर ते ठरतं. सेसना १७२, एटीआर किंवा बोइंग उडवायचं असेल तर योक, म्हणजे अर्ध्या चाकासारखं हँडल. एअरबस किंवा लढाऊ विमान असेल तर स्टिक, म्हणजे मुठीत धरायची उभी दांडी. हॉटास म्हणजे स्टिक आणि थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करायची दांडी) यांची जोडी. उडताना लागणारी सगळी बटणं त्या दोन्हींवरच असतात, हात हलवावा लागत नाही. हेलिकॉप्टरवाल्यांनाही स्टिकच लागते, योकचा त्यांना काही उपयोग नाही.

अजून ठरलं नसेल तर स्टिक घ्या. स्टिकने सेसना उडवता येते, फक्त मजा थोडी कमी येते. योकने मिग उडवणं मात्र ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगने मोटरसायकल हाकण्यासारखं वाटतं.

एअरबसवाल्यांसाठी एक गोष्ट. ए३२० मध्ये कॅप्टन डावीकडे बसतो, त्यामुळे त्याची स्टिक डाव्या हातात आणि थ्रॉटल उजव्या हातात असतो. कॅप्टनच्या खुर्चीचा आव आणायचा असेल तर दोन्ही हातांना चालणारी स्टिक पाहा. बाजारातल्या बऱ्याच स्टिक फक्त उजव्या हाताच्या मुठीसाठी घडवलेल्या असतात, आणि हे खोकं उघडल्यावर कळतं.

टिकेल की नाही हे नेमकं कशावर ठरतं?

बटणांच्या संख्येवर नाही, लाल-निळ्या दिव्यांवर तर नाहीच. चार गोष्टी बघायच्या: आतला सेन्सर, दांडी ज्यावर डोलते तो सांधा, स्प्रिंग आणि वायर. यातला सेन्सर सगळ्यांत महत्त्वाचा, म्हणून त्याच्यावर जरा जास्त लिहितो.

स्वस्त स्टिकमध्ये पॉट असतो, म्हणजे पोटेन्शिओमीटर. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असायचा तोच. कार्बनच्या पट्टीवरून धातूची एक जीभ घासत जाते. ती पट्टीवर कुठे आहे त्यावर व्होल्टेज ठरतं, आणि त्यावरून कॉम्प्युटरला दांडीची जागा कळते. घासतं म्हटल्यावर झिजणार हे आलंच. गंमत म्हणजे पट्टी सगळीकडे सारखी झिजत नाही. उडताना दांडी नव्वद टक्के वेळ मध्याच्या आसपास थरथरत असते, म्हणून पट्टी मधोमध आधी जाते.

माझी पहिली स्टिक दीड वर्षात अशीच गेली. कंपनीचं नाव सांगत नाही, सगळ्याच स्वस्त स्टिकची गत थोड्याफार फरकाने तीच. सेसना सरळ उडत असताना अधूनमधून उजवीकडे हिसका द्यायची, जणू कोणी पंखाला टपली मारतंय. एका रविवारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून ती उघडली. पॉटच्या काळ्या पट्टीवर बरोबर मधोमध एक फिकट, चकाकणारी रेघ उमटली होती, नखाएवढी लांब. बाजूला काळी भुकटी साचलेली. कारखान्यात व्हॉल्व्ह किती उघडलाय ते सांगणारे असे पॉट मी डझनाने बदललेत, तरी घरच्या स्टिकमध्ये तेच निघाल्यावर हसू आलं.

दुसरा प्रकार हॉल सेन्सर. दांडीला छोटं चुंबक आणि समोर एक चिप. दांडी हलली की चुंबकीय क्षेत्र बदलतं, चिप ते मोजते. एडविन हॉल या अमेरिकन संशोधकाला हा परिणाम १८७९ साली सापडला, म्हणून हे नाव. इथे काहीच एकमेकांना घासत नाही, त्यामुळे सेन्सर झिजत नाही. घरच्या वापरासाठी मी दुसऱ्या कशावर पैसे वाचवायला सांगेन, यावर नाही.

खोक्यावर ‘हॉल सेन्सर’ लिहिलंय. म्हणजे डोळे झाकून घेऊ?

डोळे उघडे ठेवून घ्या. बऱ्याचदा पुढे-मागे आणि डावी-उजवी या दोनच दिशांना हॉल सेन्सर असतो. दांडी पिळून रडर (शेपटीवरची उभी फळी, तिने विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळतं) फिरवायची सोय, म्हणजे ट्विस्ट, त्याला साधा पॉटच असतो. थ्रस्टमास्टरची टी.१६०००एम ही चांगली, लोकप्रिय स्टिक आहे, तिच्यातही रचना अशीच आहे. म्हणजे दोन-तीन वर्षांनी थरथर सुरू झालीच, तर ती बहुधा ट्विस्टला होईल. पुढे पायांनी रडर फिरवायची पेडल घ्यायचा विचार असेल तर याची चिंता करू नका, कारण मग ट्विस्ट बंदच ठेवणार आहात.

शिवाय सेन्सर अमर असला तरी प्लास्टिकचा सांधा अमर नाही. सांधा ढिला झाला की दांडी मध्यावर येऊन खुळखुळ्यासारखी हलते, आणि सेन्सर ती खुळखुळ इमानेइतबारे कॉम्प्युटरला कळवतो.

१०-बिट, १४-बिट, १६-बिट हे काय असतं? जास्त तेवढं चांगलं ना?

दांडीच्या पूर्ण हालचालीचे किती भाग पाडले जातात, तो हा आकडा. १०-बिट म्हणजे १,०२४ भाग, १४-बिट म्हणजे १६,३८४. टी.१६०००एम च्या जाहिरातीत २६ कोटींहून मोठा आकडा असतो. तो म्हणजे १६,३८४ गुणिले १६,३८४, दोन्ही दिशा मिळून. खोटं काही नाही, पण गुणाकार मोठा रुबाबदार आहे. साधा हिशेब करा. दांडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ४० अंश फिरते असं धरलं, तर १,०२४ भागांतही एक भाग ०.०४ अंशाचा होतो. आपला मनगटाचा कंप त्याहून मोठा असतो. बारीक मोजणं हवंच, पण सेन्सरच हलत असेल तर बारीक पट्टीने थरथरच मोजाल.

नाव घेऊन सांगा हो, कोणती घ्यायची?

बरं. स्टिकमध्ये सुरुवातीला थ्रस्टमास्टरची टी.१६०००एम किंवा तिच्याच हाडापेरावर बेतलेली टीसीए साइडस्टिक एअरबस एडिशन. दोन्ही डाव्या-उजव्या हाताला जमतात. थोडे जास्त पैसे घालून वर्षानुवर्षं वापरायची असेल तर व्हीकेबीची ग्लॅडिएटर एनएक्सटी ईव्हीओ. तिच्यात ट्विस्टलाही न घासणारा सेन्सर आहे, स्प्रिंग बदलून दांडी कडक-मऊ करता येते आणि ट्विस्ट नको असेल तर लॉक होतो. माझं मत विचाराल तर घरच्या टेबलावर एवढी स्टिक आयुष्यभर पुरते. थ्रस्टमास्टरची वॉर्थॉग जड आणि धातूची आहे, ए-१० विमानाच्या दांडीची हुबेहूब नक्कल. हातात घेतली की खाली ठेववत नाही. पण ज्याला रोज ए३२० ने मुंबई-दिल्लीच करायचं आहे, त्याला तिची गरज नाही.

योकमध्ये किती अंश फिरतो ते आधी पाहा. लॉजिटेकचा योक एकूण ९० अंश फिरतो, हनीकोम्बचा अल्फा १८० अंश. खऱ्या सेसनाच्या जवळ जाणारा दुसरा. त्याला हॉल सेन्सरही आहेत आणि खाली दिव्यांची, इग्निशनची बटणं. लॉजिटेकचा फायदा असा की थ्रॉटलचा तीन दांड्यांचा डबा बरोबरच येतो. अल्फाला थ्रॉटल वेगळा घ्यावा लागतो, आणि तिथेच हिशेब कोलमडतो.

पेडल घ्यायलाच हवीत का?

सुरुवातीला नाही. आपली ओझरची धावपट्टी पूर्व-पश्चिम, ०९/२७, तीन किलोमीटर लांब. पावसाळी पश्चिमेचा वारा बहुतेक नाकासमोरच मिळतो, त्यामुळे तिथे उतरताना ट्विस्टवर भागतं. आडव्या वाऱ्यात उतरायला लागलात, किंवा हेलिकॉप्टरच्या नादी लागलात, की पेडलशिवाय जीव रमत नाही.

घेतलीत तर सेन्सरइतकंच घराच्या फरशीकडे बघा. माझ्याकडे पेडल आली त्या दिवशी मी गुळगुळीत टाइल्सवर ती ठेवली, खुर्चीत बसलो, उजवा पाय दाबला आणि स्वतःच मागे सरकत कपाटापर्यंत गेलो. विमान सरळच होतं. चाकाची खुर्ची आणि गुळगुळीत फरशी असेल तर तुम्ही पेडल दाबत नाही, पेडल तुम्हाला दाबतात. उपाय घरगुतीच आहेत. पेडलखाली रबरी मॅट टाका आणि पेडलच्या मागे भिंतीपर्यंत लाकडी पट्टी अडकवा. खुर्चीची चाकं काढा, नाही तर बिनचाकाची जेवणाची खुर्ची घ्या. आमच्याकडे अजूनही चाकांमागे दोन जुन्या चपला खुपसलेल्या असतात. पाहुणे आले की त्या आधी उचलल्या जातात.

थ्रस्टमास्टरच्या टीएफआरपी पेडलमध्ये पावलं बरीच जवळजवळ येतात. माणूस आडव्या बांध्याचा असेल तर तासाभरात मांड्या बोलायला लागतात. आधी कोणाकडे तरी बसून पाहा.

योक टेबलाला नीट बसत नाही. टेबल बदलू का?

आधी टेबलाची पुढची कड मोजा. योक क्लॅम्पने अडकतो, आणि ओढला की सगळा जोर त्या कडेवर येतो. काचेच्या टेबलावर योक लावायचा विचारसुद्धा करू नका. कीबोर्डसाठी सरकणारा ट्रे असतो तोही हा भार घेत नाही, त्याचे रूळ वाकतात. कडेखाली ड्रॉवर किंवा लाकडी पट्टी आली की क्लॅम्पला जागाच उरत नाही. सुताराकडून १८ मिलिमीटर जाडीचा प्लाय टेबलाच्या रुंदीचा कापून घ्या, तो टेबलावर पुढे काढून बसवा आणि योक त्याला लावा. स्टिक हलकी असेल तर स्वयंपाकघरात डब्यांखाली घालतात ती जाळीदार मॅट खाली टाका. एवढ्यानेच निम्म्या तक्रारी संपतात.

जुनी, वापरलेली घ्यायची आहे. काय तपासू?

लॅपटॉप बरोबर घेऊन जा. विकणारा म्हणेल, “एकदम नवीनसारखी आहे, महिनाभरच वापरली.” म्हणू दे. विंडोजची कळ आणि आर दाबा, जॉय डॉट सीपीएल (joy.cpl) टाइप करा. चौकोनात एक अधिकचं चिन्ह दिसेल.

हात न लावता दोन मिनिटं बघा. ते चिन्ह स्वतःहून थरथरलं की पॉट संपत आलाय. मग दांडी अगदी सावकाश एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात न्या. चिन्ह उड्या मारत गेलं तर पट्टीला खड्डे पडलेत. दांडी एकदम सोडा, पाच-सहा वेळा. दर वेळी चिन्ह त्याच जागी यायला हवं. वायर स्टिकमध्ये शिरते तिथे आणि यूएसबीच्या टोकाजवळ हलकेच हलवा आणि विंडोजचा जोडल्या-तोडल्याचा आवाज येतो का ऐका. शेवटी कॅलिब्रेशनच्या (दांडीचा मध्य आणि टोकं ठरवून द्यायच्या) खिडकीत रॉ डेटा, म्हणजे सेन्सरचे मूळ आकडे, दाखवायची खूण करा. काही जण कॅलिब्रेशन करून आजार झाकतात, रॉ आकडे ते उघडं पाडतात.

आणि मूठ हाताळा. मऊ रबरी मुलामा असलेल्या मुठी काही वर्षांनी आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात चिकट होतात, गुळाच्या ढेपेला हात लावल्यासारख्या. तो मुलामा पुसून पुन्हा नीट होत नाही.

उडता उडता मध्येच स्टिक बंद पडते. खराब झाली का?

बहुतेक वेळा स्टिक चांगली असते, वीज कमी पडत असते. एका छोट्या हबवर योक, थ्रॉटल, पेडल, माऊस आणि मोबाइलचा चार्जर लावलेला असतो. स्वतःचा ॲडॅप्टर असलेला हब घ्या किंवा सरळ कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टला लावा. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. हा पर्याय वीज वाचवायला न वापरलेली यूएसबी झोपवतो, आणि लांबच्या उड्डाणात ऑटोपायलट लावून तुम्ही चहा घ्यायला उठलात की पेडलही झोपतात. लाइट जाऊन इन्व्हर्टरवर येतानाचा झटका बसत असेल तर कॉम्प्युटरला यूपीएस लावा.

थरथर सुरू झाली आहे. उघडून तेल सोडू?

तेल नको! घरात असतो तो गंज काढायचा स्प्रे तर अजिबात नको. तो आतलं चांगलं ग्रीस धुऊन नेतो आणि त्यावर धूळ चिकटते. वॉरंटी असेल तर उघडूही नका. संपली असेल आणि हात चालत असेल, तर पॉटच्या फटीत इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर थोडा मारा आणि दांडी वीस-पंचवीस वेळा फिरवा. काही महिने निघतात. सांध्याला प्लास्टिकला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावा, तेही तांदळाच्या दाण्याएवढं.

तोवर सिम्युलेटरमध्ये थोडा डेड झोन ठेवा, म्हणजे मध्याजवळच्या हालचालीकडे तो दुर्लक्ष करतो. पण हे पडद्यामागे उंदीर झाकण्यासारखं आहे. डेड झोन वाढवत नेला की उतरताना विमान आधी ऐकत नाही आणि मग एकदम ऐकतं.

दोष स्टिकचा की विमानाचा, हे ओळखायची माझी फेरी आहे. ओझरहून, सिम्युलेटरमधलं नाव व्हीएओझेड, सेसना घेऊन वारा शून्य करून धावपट्टी २७ वरून, म्हणजे पश्चिमेकडे, उडा. रामशेजकडच्या डोंगरांवरून पुढे, मग डावीकडे गंगापूर धरण. ब्रह्मगिरी सुमारे १,३०० मीटर उंच आहे, त्याच्या वर राहा. विमान ट्रिम करून, म्हणजे हात न लावता सरळ राहील असं बसवून, हात सोडा. इंजिनाच्या जोरामुळे ते हळूहळू एकीकडे झुकेल, तो सेसनाचा स्वभाव. पण झुकणं हिसक्याहिसक्याने असेल किंवा दर वेळी वेगळीकडे, तर विमान निर्दोष आहे.

एक्सबॉक्सवर चालेल का?

खोक्यावर एक्सबॉक्स लिहिलेलं असेल तरच. एकाच नावाच्या वस्तूच्या पीसीच्या आणि एक्सबॉक्सच्या वेगळ्या आवृत्त्या असतात. टीसीए एअरबसची पीसीवाली स्टिक एक्सबॉक्सला लागत नाही. मॅकवर एक्स-प्लेन आणि फ्लाइटगिअर चालतात, मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर नाही.

परदेशातून मागवली तर स्वस्त पडेल?

किंमत बघून तसं वाटतं. त्यावर कस्टम ड्युटी, जीएसटी, कुरिअरचं हाताळणी शुल्क चढतं, आणि बिघडली तर परत पाठवायचा खर्च तुमचा. व्हीकेबीसारख्या वस्तूंना कधी कधी दुसरा मार्ग नसतो, तेव्हा हिशेब करून मागवा. बाकीच्यांसाठी भारतातलं बिल आणि भारतातली वॉरंटी बरी. एम. जी. रोडच्या दुकानांत आधी फोन करून विचारा. बहुतेक वेळा “मागवून देतो” हेच उत्तर येतं, पण समोर माणूस राहतो.

पार्सल उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा, सीलपासून. माझ्या एका मित्राच्या योकचा दांडा खोक्यातच वाकलेला होता, आणि व्हिडिओ होता म्हणून तो बदलून मिळाला.

मुलाला पायलट व्हायचंय. ही घरची तयारी कामाला येईल का?

थोडी येईल. चेकलिस्ट, रेडिओवरचं बोलणं, उपकरणं वाचणं याची सवय होते. पण व्यावसायिक परवान्यासाठी लागणाऱ्या २०० तासांत घरच्या सिम्युलेटरचा एक मिनिटही धरला जात नाही. बारामती, धुळे, गोंदिया, कुठेही प्रशिक्षणाला घालायचं असेल तर फी भरण्याआधी डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) मान्यताप्राप्त डॉक्टरकडून मेडिकल करून घ्या. आणि घरी स्टिक वापरताना त्याला पडद्यावरच्या आकड्यांकडे टक लावून बसू देऊ नका, बाहेर क्षितिजाकडे बघायला लावा.

खोकं टाकून देऊ का? माळ्यावर जागा नाही.

वॉरंटी आहे तोवर नाही. आतल्या थर्माकोलच्या साच्यासकट ठेवा, कारण सर्व्हिस सेंटरला पाठवताना तोच लागतो. आमच्याकडे अल्फाचं खोकं माळ्यावर आहे आणि त्यात आईने दिवाळीच्या पणत्या ठेवल्यात.